हरलेले सामने जपण्याची रीत

नागपुरात राहून क्रिकेटवर प्रेम करायचे ठरवले असेल, तर एक गोष्ट आरंभीच पक्की करून घ्यावी. जिंकलेला सामना मोघम आठवायचा असतो आणि हरलेला सामना चेंडूगणिक. विजयाच्या रात्री लक्ष्मीभुवन चौकात झेंडा फिरवावा, घसा बसेपर्यंत ओरडावे, घरी येऊन झोपावे आणि सकाळी तर्री पोहे खाताना कोणी किती धावा केल्या ते निम्मे विसरून जावे. एवढ्यावर विजयाचे काम संपते. पराभव मात्र पुढची पंधरा-वीस वर्षे वापरायचा असल्यामुळे त्याची नोंद नीट ठेवावी लागते. कोणते षटक होते, गोलंदाज कोण होता, मिडविकेटला कोणी का नव्हते आणि कर्णधाराने आपले का ऐकले नाही, हे सारे तोंडपाठ हवे. पुढील सूचना ज्यांना हे अद्याप साधलेले नाही अशा होतकरू वाचकांसाठी आहेत. ज्यांना साधले आहे ते या क्षणी एखाद्या पानठेल्यावर उभे असतील आणि त्यांना माझी गरज नाही.

सुरुवात ३१ ऑक्टोबर १९८७ पासून करावी, कारण त्याआधीचे कोणी ऐकून घेत नाही. सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर त्या दिवशी विश्वचषकातला भारत-न्यूझीलंड सामना झाला. चेतन शर्माने रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे त्रिफळे लागोपाठच्या चेंडूंवर उडवले. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. मग अंगात ताप असलेल्या सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या आणि एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे एकमेव शतक आपल्या शहराच्या पदरात टाकले. या सामन्याला तुम्ही हजर होता, हे आजच ठरवून टाका. वय आड येत असेल तर वडील हजर होते, आणि वडील तेव्हा नोकरीनिमित्त परगावी असतील तर मामा. त्या दिवशी मैदानात नव्हता असा माझ्या पिढीचा नागपूरकर मला अजून भेटायचा आहे, आणि सगळ्यांचे म्हणणे खरे धरले तर त्या मैदानाचे एक टोक फुटाळ्याला आणि दुसरे सीताबर्डीला असले पाहिजे.

मात्र नुसते हजर असून भागत नाही, त्या विजयातला पराभवही शोधून काढता आला पाहिजे. तो असा निघतो. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर जाण्यासाठी भारताला २२२ धावा झपाट्याने करणे भाग होते, आणि त्या ३२.१ षटकांतच झाल्या. गटात पहिले आल्यामुळे उपांत्य सामना मुंबईत मिळाला. दुसरे आलो असतो तर लाहोरला जावे लागले असते. मुंबईत ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ धावा काढल्या आणि आपण ३५ धावांनी हरलो. तिकडे लाहोरला पाकिस्तानलाही ऑस्ट्रेलियाने हरवले, म्हणजे पाकिस्तान हरण्याच्या बेतातच होते. आता धागा तुम्हीच जुळवा. गावसकर त्या दिवशी नागपुरात जरा सावकाश खेळले असते, तर विश्वचषक आपला होता! ज्या फलंदाजाला १९७५ च्या विश्वचषकातल्या साठ षटकांच्या नाबाद ३६ धावांवरून जन्मभर संथ म्हणून ऐकून घ्यावे लागले, त्यालाच घाईबद्दल बोल लावण्याची ही सोय अन्य कोणत्याही शहराला उपलब्ध नाही. तिचा लाभ घ्यावा. आणि चेतन शर्माविषयी कोणी हळहळ व्यक्त केली, की हॅट्ट्रिक घेतली तरी देशाला तो शारजात मियांदादने शेवटच्या चेंडूवर मारलेल्या षटकारापुरताच ठाऊक आहे, तर मान डोलवावी. देश आपल्याच रीतीने चालतो आहे, याचे समाधान मनातल्या मनात ठेवावे.

खरे भांडवल मात्र १२ मार्च २०११ चे, वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियमवर झालेल्या विश्वचषकातल्या भारत-दक्षिण आफ्रिका सामन्याचे. ज्याला हा सामना सांगता येत नाही त्याने नागपूरकर क्रिकेटप्रेमी म्हणवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्णन सामन्यापासून सुरू करू नये. ते वर्धा रोडवरच्या वाहनांच्या रांगेपासून, फाटकावर काढून घेतलेल्या पाण्याच्या बाटलीपासून आणि मार्चच्या उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीपासून सुरू करावे. त्याशिवाय पुढच्या यातनेला उठाव येत नाही. सेहवागने ७३ केल्या, सचिनने १११ केल्या, ते त्याचे नव्व्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक, आणि गंभीर जमलेला. धावफलक २६७ वर १. चाळिसावे षटक. माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ होते, पांढरा हाफ शर्ट, डोक्यावर ओला रुमाल. त्यांनी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब मांडून ३८० हा आकडा काढला आणि तो पडदा मागच्या तीन रांगांना सावकाश फिरवून दाखवला. त्यानंतर २९ धावांत नऊ गडी बाद झाले. डेल स्टेनने पाच जणांना घालवले आणि डाव २९६ वर संपला तेव्हा त्या गृहस्थांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला होता आणि रुमाल डोक्यावरून काढून त्याची घडी घालीत बसले होते. तुमच्या कथनात असा एक गृहस्थ अवश्य ठेवा. तुम्ही स्वतः ३८० म्हटले होते, हे सांगण्याची मग गरज उरत नाही.

शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १३ धावा हव्या होत्या आणि धोनीने चेंडू आशिष नेहराच्या हाती दिला. पीटरसनने चौकार मारला, षटकार मारला, दोन धावा पळून काढल्या, पुन्हा चौकार मारला, आणि दोन चेंडू शिल्लक असताना सामना संपला. चौकाराचा पहिला चेंडू बॅटची आतली कड घेऊन गेला होता, एवढा तपशील तुमच्याकडे हवाच. त्यानंतर थांबावे, समोरच्याकडे पाहावे आणि विचारावे, ‘‘नेहराले कायले देल्ली बे ओव्हर?’’ या प्रश्नाला उत्तर देऊ नये. भज्जी होता की, एवढेच कोणीतरी हरभजनच्या बाजूने म्हणेल. कोणीतरी नेहमीच म्हणते. तुम्ही वरच्या स्टँडमधून ‘भज्जीले दे’ असे ओरडला होता आणि ते धोनीपर्यंत पोहोचले नाही, ही स्टेडियमच्या बांधणीतली त्रुटी आहे, असेही सुचवता येईल.

यावर एखादा वाचाळ तरुण म्हणेल, की त्या संपूर्ण विश्वचषकात भारत हरला तो हा एकच सामना, त्यानंतर त्याच नेहराने मोहालीत पाकिस्तानविरुद्ध दहा षटकांत अवघ्या ३३ धावा दिल्या, आणि २ एप्रिलला आपण जगज्जेते झालो. त्या तरुणाला शांतपणे सांगावे, ‘‘जिंकलो ते मुंबईत. आपल्या इथं हरलो.’’ तरीही तो ऐकेना, तर सचिनकडे वळावे. शंभरावे शतक पुढे वर्षभर रखडले आणि झाले तेव्हा मीरपूरला बांगलादेशाने आपल्याला हरवले. नव्व्याण्णवावे वाया गेले नसते तर शंभरावे असे रखडते का? या दोहोंचा काही संबंध नाही. संबंध नसलेल्या गोष्टी जोडणे हेच तर कौशल्य आहे, आणि तरुण तोवर चहाचे पैसे देऊन निघालेला असतो.

आता खेळपट्टी. फलंदाजी, गोलंदाजी हे विषय पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सोडावेत. नागपूरकराने खेळपट्टीवर बोलावे, कारण या बाबतीत आपल्याइतका अनुभव फार थोड्यांना आहे. ऑक्टोबर २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर खेळपट्टी गवताने हिरवी होती, गिलेस्पीने सामन्यात नऊ बळी घेतले आणि ३४२ धावांनी जिंकून ऑस्ट्रेलियाने १९६९-७० नंतर प्रथमच भारतात मालिका घेतली. गांगुली दुखापतीमुळे बाहेर बसला आणि द्रविडने नेतृत्व केले, ही हकीकत सगळे वाचतात. तुम्ही मात्र ती ऐकताना नुसते हसावे आणि ‘आम्हाले माहीत आहे’ एवढेच म्हणावे. काय माहीत आहे, हे विचारण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये जामठ्याला उलटे झाले. तेथे चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळू लागला, दक्षिण आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले, कसोटी तिसऱ्या दिवशी संपली आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. अशा प्रसंगी काय बोलावे ते लिहून ठेवा: फिरकी खेळता येत नसेल तर पाहुण्यांनी येऊ नये, आपण पर्थला उसळत्या चेंडूंची तक्रार करतो का, खेळपट्टी दोन्ही संघांना सारखीच असते. चार महिनेही झाले नव्हते तोच, १५ मार्च २०१६ ला, याच मैदानावर टी-ट्वेंटी विश्वचषकात न्यूझीलंडने साउदी आणि बोल्ट या दोघांनाही बाहेर बसवून तीन फिरकीपटू खेळवले, १२६ धावा केल्या, आणि आपल्याला बाद केले. किती धावांत? ७९. सँटनरने चार जणांना अकरा धावांत गुंडाळले. अशा प्रसंगी काय बोलावे तेही लिहून ठेवा: ही काय खेळपट्टी आहे, असल्या मातीवर क्रिकेट होते का, क्युरेटरला आधी घरी पाठवा. दोन्ही मते एकाच वहीत लिहिली तरी चालतात, फक्त समोरासमोरच्या पानांवर लिहू नयेत.

जामठ्याला जिंकलेले सामने पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर फार वेळ घालवू नये. ऑक्टोबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचे ३५१ धावांचे लक्ष्य कोहलीने ६६ चेंडूंत नाबाद ११५ करून गाठून दिले. त्यावर म्हणावे, ‘‘पण साडेतीनशे दिल्याच कशाला?’’ मार्च २०१९ मध्ये विजय शंकरने शेवटच्या षटकात दोघांना बाद करून आठ धावांनी सामना जिंकून दिला आणि तो भारताचा पाचशेवा एकदिवसीय विजय ठरला. त्यावर म्हणावे, ‘‘कोहलीच्या ११६ नंतरही अडीचशेच?’’ २००८ मध्ये जामठ्याच्या पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाला १७२ धावांनी हरवून मालिका घेतली, ही नोंद तर पूर्णच गाळावी आणि आपल्या अखेरच्या डावात गांगुली पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला, तेवढे ठेवावे. पहिल्या डावात त्याने ८५ केल्या होत्या. ते कशाला सांगायचे?

येथवर सारे सोपे होते. अवघड भाग विदर्भाचा आहे, कारण आपला घरचा संघ जिंकायला लागला आहे आणि ही अडचण आपल्या वाडवडिलांपुढे कधी आली नव्हती. त्यांच्या काळी विदर्भाचा संघ रणजीत उतरायचा, यथावकाश हरायचा आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसायचा. ते प्रेम सुखाचे होते. मग २०१७-१८ चा मोसम आला. कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकाला १९८ धावा हव्या असताना रजनीश गुरबाणीने सात बळी घेऊन पाच धावांनी सामना काढला, आणि लगेच इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली. फैज फजलच्या संघाने १ जानेवारी २०१८ ला नऊ गडी राखून रणजी करंडक उचलला. तुम्ही कुठे होता? झोपलेले होता. ३१ डिसेंबरच्या रात्रीनंतर सज्जन माणसे एवढ्या सकाळी उठत नाहीत, आणि इंदूर काही जवळ नाही, ही दोन्ही कारणे ग्राह्य आहेत.

पुढच्याच वर्षी पंचाईत झाली. अंतिम सामना जामठ्यालाच आला. समोर सौराष्ट्र, त्यांच्याकडे चेतेश्वर पुजारा. आदित्य सरवटेने पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली, सामन्यात अकरा बळी घेतले आणि ७ फेब्रुवारी २०१९ ला विदर्भाने सलग दुसऱ्यांदा करंडक जिंकला. रणजीला सहसा तिकीट नसते, जागा हवी तिथे मिळते, पाय पुढच्या खुर्चीवर ठेवता येतात आणि फेब्रुवारीतले ऊनही बरे असते. या गोष्टी कोणी सांगू लागल्यास ‘जामठा लांब पडते’ हे उत्तर तयार ठेवावे. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या रात्री त्याच जामठ्याहून खापरीपर्यंत तुम्ही गर्दीतून पायी आला होता, तो प्रसंग त्याच बैठकीत सांगू नये.

यातला सर्वांत कठीण दिवस २ मार्च २०२५, रविवार. त्या दिवशी जामठ्याला केरळविरुद्धचा अंतिम सामना संपत होता. पहिल्या डावात २४ वर तीन गडी गेले असताना दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली होती, दानिशने १५३ केल्या होत्या, दुसऱ्या डावात नायरने १३५ केल्या, आणि डावखुऱ्या हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला होता. त्याच रविवारी दुबईत भारत आणि न्यूझीलंड यांच्यात चॅम्पियन्स करंडकाचा साखळी सामना होता. दोन्ही संघ उपांत्य फेरीत आधीच पोहोचलेले होते. प्रश्न फक्त गटात कोण वर, एवढाच. मी उभा होतो त्या पानठेल्यावर अर्थातच दुबई लागलेली होती. कोपऱ्यातला एक पोरगा हातातल्या फोनकडे पाहून म्हणाला, ‘‘विदर्भ जिंकलं ना बे.’’ पन्नीवर खर्रा घोटत बसलेल्या ठेलेवाल्याने हात न थांबवता आणि मान वर न करता विचारले, ‘‘आऊट कोण झालं?’’ बाकी सगळे दुबईकडे पाहत होते. याला मी एकाग्रता म्हणतो. शहरातला करंडक शहरात राहिला आणि शहराचे लक्ष तसूभर ढळले नाही.

तरीही कोणी अभिमान बाळगण्याचा आग्रह धरलाच, तर ‘हे आपले खेळाडू कुठे?’ हा मुद्दा काढावा. वासिम जाफर मुंबईचा, करुण नायर कर्नाटकाचा. २०१८ च्या अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध १४५ करणारा ध्रुव शोरी पुढे विदर्भाकडूनच खेळू लागला. उलट आपला म्हणावा असा सरवटे केरळकडे गेला आणि २०२५ च्या अंतिम सामन्यात जामठ्यालाच विदर्भाविरुद्ध खेळला. त्याने केल्या किती? ७९. या मैदानाला त्या आकड्याचे काय वेड आहे कोण जाणे. हा युक्तिवाद करताना अंगावर चेन्नईची पिवळी जर्सी असली तरी बिचकू नये. नागपूरला आयपीएलचा स्वतःचा संघ नसल्यामुळे आपल्याला कोणताही संघ आपला म्हणता येतो, आणि त्या संघात न्यूझीलंडचे, इंग्लंडचे, अफगाणिस्तानचे किती आहेत ते मोजण्याची चाल नाही. बाहेरचे खेळाडू हा आक्षेप फक्त विदर्भाला लागू आहे.

दिव्या देशमुखच्या बाबतीत थोडी वेगळी रीत आहे. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून ती बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ‘आपल्या नागपूरची पोरगी’ असे स्टेटस त्याच संध्याकाळी ठेवावे. बुद्धिबळ हा खेळ आहे का, हा आपला जुना वाद दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येतो. तिच्या डावातली एखादी चाल सांगता येण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही.

एवढे करूनही विदर्भाच्या संघाविषयी मनात काही हलत असेल, तर ते दाबून टाकण्याची गरज नाही. फक्त योग्य सामना निवडावा. तो मार्च २०२४ चा. वानखेडेवर मुंबईविरुद्धचा अंतिम सामना, पहिल्या डावात विदर्भ १०५ ला बाद, आणि मग जिंकायला ५३८. करुण नायरच्या ७४. पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी एकही गडी न गमावता संपूर्ण सत्र खेळून काढले, वाडकरच्या १०२ झाल्या, दुबेच्या ६५, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुंबईकरांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. त्यानंतर सगळा डाव ३६८ वर आटोपला, १६९ धावांनी हरलो आणि मुंबईने बेचाळिसावा करंडक नेला. हा सामना षटकवार पाठ करावा. वाडकर तासभर आणखी टिकला असता तर काय झाले असते, याचा हिशेब कॅल्क्युलेटरवर मांडावा. मुंबईला इतके करंडक कशाला हवेत, असा सूर मध्येच लावावा. आणि कोणी २०२५ चा विषय काढलाच, तर तो सामना अनिर्णित राहिला होता, विदर्भाला करंडक पहिल्या डावातल्या अवघ्या ३७ धावांच्या आघाडीवर मिळाला होता, एवढे सांगून पुन्हा वानखेडेवर यावे.